‘छू’ म्हणण्याआधी

कारवान ऊर्फ मुधोळ कुत्र्याला सध्या चांगले दिवस आले आहेत. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचे नाव घेतले आणि पिलांची मागणी एकदम वाढली. मुधोळजवळच्या तिम्मापूरला कर्नाटकाचे श्वान संशोधन केंद्र आहे. सैन्याच्या मेरठच्या केंद्रातही या कुत्र्यांना प्रशिक्षण मिळाले. आखूड केसांचा तो कारवानी, कानांवर आणि पायांवर रेशमी झालर असलेला तो पश्मी; कागदावर कोणी कारवान हाउंड लिहितो, कोणी मुधोळ. दख्खनच्या पठारावर, सोलापूर-सांगलीपासून विजापूर-बागलकोटपर्यंत, हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे.

पण या कौतुकात एक प्रश्न कोणी विचारत नाही. हा कुत्रा ज्या कामासाठी घडला ते शिकारीचे काम कायद्याने बंद झाले आहे. मग आता तो काय करणार? माझे म्हणणे स्पष्ट आहे. हाकेवर परत न येणारा कारवान मालकाने उघड्यावर मोकळा सोडू नये, आणि सरकारी केंद्रांनी, श्वानसंघांनी व पैदास करणाऱ्यांनी हाक ऐकण्याची क्षमता ही या जातीची पहिली कसोटी धरावी. उंची, छातीची खोली, शेपटीचा बाक हे सगळे तिच्या नंतर.

आधी कायदा पाहू, कारण गावागावांत त्याबद्दल फार गैरसमज आहेत. ‘बंदूक नाही, फासे नाहीत, कुत्र्याने ससा धरला तर ती शिकार कशी?’ असे भलेभले विचारतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मधली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याच्या मागे कुत्रे लावणे, त्याला हुसकावणे, पकडणे आणि यातल्या प्रत्येकाचा प्रयत्न करणे हे सगळे शिकारीतच मोडते. ससा निसटला म्हणून गुन्हा टळत नाही. चिंकारा, काळवीट आणि लांडगा हे अनुसूची एकमधले, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे आणि गुन्ह्यात वापरलेले वाहनही सरकारजमा होते. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, कर्जतचे रेहेकुरी सव्वादोनचे. तिथले चिंकारे आणि काळवीट अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. ते आजूबाजूच्या पडीक रानात, ज्वारीच्या धाटांत, गायरानात चरतात. नेमक्या त्याच रानात सकाळी कुत्रे मोकळे सोडले जातात.

याला दुसरीही बाजू आहे. मोकळा कुत्रा रोग घेऊन जातो. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले. त्या साथीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला आणि हा विषाणू कुत्र्यांमध्येही फिरत असतो. पुणे परिसरातल्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून समोर आले. म्हणून लसीकरण हा मालकाचा खासगी मामला राहिलेला नाही. डिस्टेंपर आणि पार्वो (पिलांचा जीवघेण्या जुलाबांचा रोग) यांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करावी, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी, आणि शेवटचा डोस पिलू सोळा आठवड्यांचे झाल्याशिवाय संपला असे मानू नये. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती तोवर लसीला निष्प्रभ करू शकते. ‘एक टोचले की झाले’ म्हणणाऱ्यांची पिले पार्वोने जातात ती याच कारणाने. रेबीजची लस तीन महिन्यांना द्यावी, मग वर्षाला एक.

आता हाकेकडे येऊ. लेखाचा गाभा हाच आहे.

कारवान डोळ्याने शिकार करतो. वास घेत, जमीन हुंगत चालणारा कुत्रा अधूनमधून मान वर करतो आणि मालकाकडे पाहतो. कारवानला हलणारी वस्तू दिसली की बाकीचे जग पुसले जाते. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. तुम्ही नाव घेऊन एकदा हाक मारेपर्यंत तो तीस मीटर गेलेला असतो. मागे लागलेल्या कारवानला परत बोलावता येईल या भरवशावर कोणी राहू नये. बोलावायचे ते त्याच्या आधी, त्या दीड-दोन सेकंदांत. कान उभे राहतात, मान पुढे ताणली जाते, शेपूट थिजते, पुढचा एक पाय हलका होतो. ही खूण ओळखायला मालकाने शिकले पाहिजे. कुत्र्याच्या शिक्षणाइतकेच मालकाचे शिक्षणही महत्त्वाचे आहे असे म्हणतात, त्याचा इथे शब्दशः अर्थ लागतो.

सुरुवात आठव्या आठवड्यापासून करावी. त्याआधी पिलू विकताच येत नाही. २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनीच तशी मनाई केली आहे, आणि ती योग्य आहे, कारण चाव्याची ताकद किती लावायची हे पिलू भावंडांतच शिकते. एक आवाज ठरवावा. शिट्टी सर्वांत बरी. तिच्यात राग, घाई, थकवा काही ऐकू येत नाही आणि घरातल्या पाचही माणसांची शिट्टी सारखीच वाजते. ‘यूऽ यूऽ’ प्रत्येकाचे वेगळे असते आणि शेजारीही तीच हाक मारतात. पहिला महिना फक्त एवढेच: शिट्टी, आणि लगेच जेवणाचे ताट. दिवसातून तीन-चार वेळा. पिलू धावत येईल तेव्हाही आणि समोरच उभे असेल तेव्हाही.

तीन ते सहा महिन्यांत अंगण, वाडा, बंद गोठा. पाच मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत. दिवसाला दहा हाका, त्याहून जास्त नाहीत, आणि प्रत्येक हाकेला बोटाच्या पेराएवढा उकडलेल्या कलेजीचा तुकडा. इथे लोक दोन चुका हटकून करतात. एक म्हणजे येणार नाही हे दिसत असताना हाक मारणे. पिलू कोंबडीमागे लागलेय, मालक सात वेळा शिट्टी फुंकतो, आणि पिलू शिकते की शिट्टी म्हणजे वाऱ्याचा आवाज. अशा वेळी तोंड बंद ठेवून चालत जावे आणि धरून आणावे. दुसरी चूक जास्त वाईट: हाक मारायची, आला की पट्टा अडकवून साखळीला बांधायचे, किंवा उशिरा आला म्हणून दोन दणके द्यायचे. कुत्र्याच्या हिशेबात मार उशिरा येण्याचा नसतो, येण्याचा असतो. दहातल्या नऊ वेळा आल्यावर खाऊ देऊन पुन्हा मोकळे सोडावे, म्हणजे येणे आणि बांधले जाणे यांची गाठ पडत नाही. कारवान मुळात भिडस्त आणि अंतर राखून राहणारा. लॅब्राडोर मार विसरतो, हा विसरत नाही. मार खाल्लेला कारवान हाताच्या अंतराबाहेर गोल गोल फिरत राहतो आणि मालक म्हणतो, ‘ही जातच हट्टी.’

सहाव्या महिन्यापासून लांब दोरी. पंधरा मीटर, आठ-दहा मिलिमीटर जाडीची सुती दोरी घ्यावी, नायलॉनची नको. ती तळहात भाजते. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधायची नाही, छातीच्या पट्ट्याला बांधायची. वेगात धावलेला कुत्रा दोरीच्या टोकाला गळ्यावर अडकला तर मानेच्या मणक्याला कायमची इजा होऊ शकते. दोरीचा फास मनगटाला गुंडाळायचा नाही, नाहीतर माणूसही फरफटतो. आधी रिकाम्या माळावर, मग लांबवर शेळ्या चरताना, मग जवळ, मग कोंबड्यांच्या शेजारून. प्रत्येक पायरीवर दहांपैकी नऊ वेळा पहिल्या हाकेला आला तरच पुढे जायचे; सातवर आला तर एक पायरी मागे. एवढे व्हायला चार ते सहा महिने लागतात आणि दोरी कधी सोडायची याची घाई करून काहीच मिळत नाही.

आणि एक इशारा. एकटा कुत्रा उत्तम येतो म्हणून दोन एकदम सोडू नयेत. जोडीला दुसरा धावला की पहिल्याचे कान बंद होतात. शेळ्या-मेंढ्या फाडल्याच्या बहुतेक भांडणांत कुत्रे दोन किंवा तीन असतात. प्रत्येक जण घरी ‘गरीब’ असतो.

‘शिकारच नसेल तर जात टिकेल कशी?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या गुणांची परीक्षा होत नाही ते पिढ्यांत विरतात. प्रदर्शनाच्या रिंगणात चालणारे कुत्रे निवडत गेले की देखणे, मोठे, आणि तीनशे मीटरांत धापा टाकणारे कारवान तयार होतात. आजही काही ठिकाणी ते दिसतात. नराची खांद्याजवळची उंची ६५ ते ७२ सेंटीमीटर या कामाला पुरेशी आहे. त्यापलीकडे वाढवलेली उंची हाडांवरचा भार वाढवते आणि वळण घेण्याची क्षमता घटवते. पण परीक्षा घ्यायला जिवंत ससाच लागतो हे मात्र खरे नाही. ज्या १९७२ साली आपला कायदा झाला, त्याच साली अमेरिकेत डोळ्याने शिकार करणाऱ्या कुत्र्यांच्या कृत्रिम पाठलागाची, म्हणजे दोरीने ओढलेल्या खोट्या आमिषामागे धावण्याची संघटना उभी राहिली. ही पद्धत तिथे सुरू झाली त्यामागे दया होतीच, पण एक साधे कारणही होते: उघड्या रानात सशामागे धावताना कुत्रे काटेरी तारांत फाटत होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने सशामागे कुत्रे सोडण्याच्या स्पर्धा बंद झाल्या. तिथे कुत्र्यांच्या जाती त्यामुळे संपल्या नाहीत.

तारेची गोष्ट आपल्याकडे तर दुप्पट लागू आहे. आता माळ कुठे उरले? प्लॉट पडले, तारा आल्या, आणि कठडा नसलेल्या विहिरी तशाच आहेत. नजर सशावर असलेला कुत्रा पायाखालची विहीर पाहत नाही. छाती फाटलेले, पाय मोडलेले, विहिरीत पडलेले कारवान पशुवैद्यांकडे येतात तेव्हा मालक क्वचितच खरे कारण सांगतो, कारण खरे कारण गुन्हा असतो.

कृत्रिम पाठलागाचे साधन महाग नाही. गाडीचा जुना स्टार्टर, बारा व्होल्टची बॅटरी, वीस-पंचवीस सेंटीमीटरचे चाक, दोन मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी आणि टोकाला पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा झुपका. नवख्या कुत्र्यांसाठी सरळ दोनशे ते अडीचशे मीटर पुरे. पुढे जमिनीलगत कप्प्या ठोकून वळणे देता येतात, पण काटकोनाहून तीव्र वळण नको. तिथे मनगटाची हाडे आणि पायाची बोटे जातात. झुपका आणि कुत्रा यांत दहा ते वीस मीटर अंतर ठेवावे. फार पुढे गेला तर कुत्रा पाठलाग सोडतो, फार जवळ आला तर झेप घेऊन दोरीत गुंततो. ताणलेली नायलॉन दोरी सुरीसारखी कापते, म्हणून चालवणाऱ्याला सगळी धाव डोळ्यासमोर दिसलीच पाहिजे आणि शेवटचे पन्नास मीटर वेग हळूहळू कमी करत आणावा. दोन कुत्रे धावणार असतील तर दोघांच्याही तोंडाला जाळी. शेवटी झुपका थांबला की शिट्टी, कलेजी, पट्टा. म्हणजे पाठलाग आणि हाक यांची सांगड इथेच पडते. शिकारीत ही सांगड कधीच पडत नाही, कारण तिथे शेवटी बक्षीस रक्ताचे असते आणि ते मालकाच्या हातात नसते.

या पद्धतीत काय हरवते हेही मान्य केले पाहिजे. ससा ऐन वेळी मागे वळतो, बांधाआड दडतो, कुत्र्याला डोके चालवावे लागते. प्लास्टिक तसे करत नाही. तीन-चार किलोमीटरची चिकाटीही इथे कळत नाही. पण वेग, वळण, हृदयाची ताकद, धावण्यानंतर श्वास किती वेळात पूर्वपदावर येतो आणि धावतानाही माणसाशी नाते किती राहते, एवढे कळते. पैदाशीचा नर निवडायला हे पुष्कळ आहे.

यात्रेजत्रेतल्या कुत्र्यांच्या शर्यतींबद्दल बोलणे भाग आहे. बैलगाडा शर्यतींवर वर्षानुवर्षे वाद झाला. महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, अटी घातल्या आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कुत्र्यांच्या शर्यतींना अशी चौकटच नाही. दुपारी बारा वाजता मुरमाड धावपट्टीवर, एका दिवसात चार-चार फेऱ्या धावलेले कुत्रे पाहणे क्लेशदायक आहे. बंदी घाला असे मी म्हणणार नाही, कारण बंदीने त्या रानात जातील आणि तिथे पुन्हा ससा येईल. पण अटी हव्यात आणि त्या नेमक्या हव्यात. पंधरा महिन्यांखालचा कुत्रा धावणार नाही, कारण हाडांच्या टोकांची वाढ तोवर पुरती झालेली नसते. धावा सूर्योदयानंतरच्या दोन-अडीच तासांतच. धावपट्टी नांगरून, दगड वेचून, फणी फिरवून मऊ केलेली. एका कुत्र्याला दिवसात दोनच धावा, मध्ये किमान तासभर. पशुवैद्य हजर. जिवंत किंवा मेलेला कोणताही प्राणी आमिष म्हणून नाही.

उन्हाचा मुद्दा कमी लेखला जातो. कुत्र्याचे शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते; दमदार धावेनंतर ते ४१ च्या पुढे सहज जाते. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल डगमगती दिसली की लगेच अंगभर साधे पाणी ओतावे आणि वारा घालावा. ओले पोते अंगावर टाकून ठेवू नये, त्याने वाफ कोंडते. तापमान ३९.५ वर आले की पाणी थांबवावे, नाहीतर ते फार खाली घसरते. मग दवाखाना, बरे वाटले तरी. धावेनंतर काही तासांनी लघवी कॉफीसारखी काळसर झाली तर स्नायू फुटले आहेत आणि मूत्रपिंड धोक्यात आहे असे समजावे. ‘दमलाय, झोपू द्या’ म्हणत रात्र काढली की कुत्रा हातचा जातो. धावेआधी दहा मिनिटे चालवणे, धावेनंतर पंधरा मिनिटे चालवणे आणि मग घोटघोट पाणी, हे शिस्तीने केले तर यातले बरेच टळते. जेवणानंतर दोन-तीन तास धाव नाही. खोल छातीच्या कुत्र्याचे पोट पिळले जाते आणि ते काही तासांत जीव घेते.

खुराकाबद्दल थोडक्यात. पंचवीस किलोच्या कामाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पंधराशे किलोकॅलरी लागतात. ज्वारीच्या सहा-सात भाकरींत तेवढी ऊर्जा भरते, पण प्रथिने आणि चरबी भरत नाहीत. वाढत्या पिलाला निव्वळ भाकरी-दूध दिले की पुढचे पाय वाकतात. मांस, अंडी, कलेजी यांना पर्याय नाही. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे कारवानचे निरोगी लक्षण आहे. पाठीच्या मणक्यांचे मणी मोजता येणे ही उपासमार. अंगावर चरबी कमी असल्यामुळे काही भुलीची औषधे, विशेषतः थायोपेंटोन, या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत. शस्त्रक्रियेआधी ‘हा कारवान आहे’ हे पशुवैद्यांना सांगणे मालकाचे काम.

धनगरांच्या कुत्र्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. त्याच्याकडे लोक शिकारी कुत्रा म्हणून पाहतात, पण त्याचे काम नेमके उलटे आहे. तो कळप सोडून पळाला तर निकामी. लांडग्याला भुंकून, अंगावर जाऊन परतवायचे आणि पुन्हा मेंढ्यांपाशी यायचे. पिलू दीड-दोन महिन्यांचे असल्यापासून कोकरांत वाढते, म्हणून त्याला मेंढी आपली वाटते. गळ्यातला खिळ्यांचा पट्टा शोभेचा नसतो. लांडगा आणि बिबट्या गळाच धरतात. काम असलेला, जागेवर राहणारा, लांडग्याला न मारता कळप वाचवणारा हा कुत्रा खरे तर वन विभागाचाही मित्र आहे. त्याच्या रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वाड्यावस्त्यांवर जाऊन फुकट टोचण्याइतकी स्वस्त वन्यजीव-योजना दुसरी नसेल. सोबत जंताचे औषधही द्यावे. मेलेल्या मेंढीचे डोके आणि आतडी-फुप्फुसे कच्ची खाल्ली की कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी चराईत पडतात, आणि मग मेंढी एका बाजूला मान टाकून गरगर फिरू लागते. प्राझिक्वांटेलची गोळी दर सहा आठवड्यांनी दिली आणि ते अवयव पुरले किंवा शिजवले की हे चक्र तुटते.

जबाबदारी फक्त विकत घेणाऱ्यावर टाकून चालणार नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादीला अठरा महिन्यांआधी लावायचे नाही आणि जन्मभरात पाचहून अधिक वेळा व्यायला लावायचे नाही. हे किती जण पाळतात ते दर शनिवारच्या पिलांच्या जाहिराती पाहिल्या की कळते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्यावर बंदीचे पत्र काढले आणि महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. जातीची यादी करून प्रश्न सुटत नाही. मालकाची यादी करावी लागते. प्रत्येक कारवानच्या कातडीखाली चिप, चिपचा क्रमांक आणि रेबीजची तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत, आणि पैदाशीच्या दाखल्यावर दोन ओळी वाढवायच्या: कृत्रिम पाठलागाची धाव पुरी केली का, आणि धाव संपताच पहिल्या हाकेला आला का. कुत्र्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असताना काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली निष्काळजी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आजही आहे. वहीत नोंद असेल तर तो मालक सापडेल.

काही कारवान मोठे झाल्यावर घरी येतात, शिकारीची चटक लागलेले, हाक म्हणजे काय ते न कळलेले. त्यांना मारू नये, सोडून देऊ नये आणि ‘सुधारला’ म्हणून मोकळेही सोडू नये. सहा फूट उंच जाळीचे आवार, जाळी खाली एक फूट जमिनीत गाडलेली, सकाळ-संध्याकाळ छातीच्या पट्ट्याला पंधरा मीटर दोरी लावून पाऊण-पाऊण तास फेरफटका, आठवड्यातून दोनदा बंदिस्त जागेत प्लास्टिकच्या झुपक्यामागे दोनशे मीटर. असा कुत्रा बारा वर्षे सुखात जगतो. दोरी मात्र त्या बारा वर्षांत कधीच सुटत नाही.